गाजराला गाजर येत नाही

राजेंद्रनगर, इंदूर
१० जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बशीतल्या गाजरांचा फोटो पोचला. शेंडे छान तरारलेत. पण खाली तू विचारलंयस, "बाबा, गाजरं केव्हा धरतील?" तर बेटा, धरणार नाहीत. आई म्हणत होती, आत्ताच कशाला सांगता, चार दिवस खूश राहू द्या की पोरीला. मला ते जमलं नाही.

गाजर म्हणजे मूळ. झाडानं पुढं फुलायचं म्हणून जमिनीखाली साठवलेला शिधा. देठाकडच्या चकतीत जो उरलासुरला असतो, त्यावर पाला फुटतो. कापलेलं मूळ मात्र पुन्हा होत नाही. तो पाला कोवळा असतानाच खुड आणि थालीपिठात घाल. मातीत लावून तसाच ठेवलास तर पुढं पांढऱ्या फुलांची छत्री येईल, कोथिंबिरीला येते तशीच. दोघी एकाच कुळातल्या. मुळा-बिटाच्या शेंड्यांनाही पालाच येतो, आणि कोबीच्या बुंध्याला चार पानं.

पहिल्यांदा करायला कांद्याची पात बरी. आपला ठेलेवाला दर वेळी विचारतो, "बाबूजी, जड़ें काट दूँ?" आणि मी दर वेळी नको म्हणतो. मुळांच्या वर दोन बोटं पांढरा भाग ठेवून काप, उभ्या पेल्यात मुळं बुडतील एवढंच पाणी घाल. दुसऱ्या दिवशी मधून हिरवं टोक वर आलेलं दिसेल. मुळांच्या माथ्यावर जी चपटी चकती असते ना, तेच कांद्याचं खरं खोड. पानं तिथून, खालून वर येतात, म्हणून शेंडा कितीही छाटला तरी त्याला फरक पडत नाही. आठ-दहा दिवसांत कापण्याजोगी पात होते. लसणाला कोंब आले तर त्या पाकळ्याही अशाच लाव, पण पाण्यात अख्खी पाकळी बुडवू नकोस. कुजते, आणि तो वास घरभर फिरतो. मी बुडवली होती. आईनं दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पाण्याचं मात्र ऐक. दर एक-दोन दिवसांनी बदल. गेल्या श्रावणात आम्ही चार दिवस उज्जैनला गेलो, परत येऊन बघतो तर पेल्यात डासांच्या अळ्या वळवळताहेत. शिवाय नुसत्या पाण्यात खायला काही नसतं. पात दोन-तीनदा कापलीस की ती दोऱ्यासारखी बारीक यायला लागते. तेव्हा मातीत हलव.

ज्याला तसंच पीक पुन्हा मिळतं, ती सगळी जमिनीखालची खोडं नाहीतर कंद: बटाटा, आलं, हळद, अळकुड्या. बटाट्याचे डोळे म्हणजे कळ्याच. डोळा असलेला तुकडा काप, एक दिवस सुकू दे, मग पुर. पण बाजारच्या बटाट्यावर कोंब येऊ नये म्हणून काही वेळा औषध मारलेलं असतं. महिनाभर डोळा हललाच नाही तर स्वतःला दोष देऊ नकोस. हिरवा पडलेला बटाटा भाजीत घालू नकोस, लावायला चालेल. आल्याचा डोळे फुगलेला तुकडा जपून ठेव. आजी अक्षयतृतीयेला आलं-हळद लावायची, तोच मुहूर्त धर, म्हणजे मुळं धरेपर्यंत पाऊस येतो. काढायला आठ-नऊ महिने लागतात. घाई असेल तर मंडईतूनच आण.

माझा खरा पराक्रम गराडूचा, आपल्या त्या माळवी कंदाचा. मागच्या थंडीत आईनं गराडू तळायला घेतले, तेव्हा डोक्याकडचा सालासकट तुकडा मी बाजूला काढला आणि उन्हाळ्यात गव्हाच्या पोत्यात माती भरून पुरला. पावसात वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यापर्यंत गेला. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली, पोतं उलटं केलं, तर पाऊण किलो! सराफ्याच्या खाऊगल्लीत एवढे एका संध्याकाळी संपतात, हे आईनं लगेच सांगितलं. पण जीरावन मसाला टाकून खाताना दोनदा वाढून घेतले.

माती म्हणशील तर आपली माळव्याची काळी माती कुंडीत नुसती वापरता येत नाही, भिजली की गच्च, वाळली की भेगा. निम्मं खत घालावं लागतं. तुझ्याकडे बाल्कनीत जागा आहे, तेव्हा एक मडकं कंपोस्टला ठेवच. थकलेले बुंधे, साली, चहाचा चोथा आणि वर वाळका पाला. या सगळ्याला जगात नाव आहे ते आपल्या गावाचं, हे तुला शाळेत कुणी सांगितलं नसेल. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथं होते. काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर देऊन, ढीग अधूनमधून उलटून, तीनेक महिन्यांत खत करायची रीत त्यांनी इथं बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून परदेशी मळ्यांपर्यंत गेली. १९३१च्या त्यांच्या पुस्तकावर दुसरं नाव यशवंत वाड यांचं आहे. आडनावावरून आपलेच वाटतात. आता आपल्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी येते, ओला-सुका वेगळा करून दिला की काम झालं, त्यामुळे मडकं ठेवणारा गल्लीत मी एकटाच उरलोय.

पैशाचा हिशेब मांडू नकोस, महिन्याला दोन जुड्या वाचल्या तर वाचल्या. रात्री नऊला पोहे करताना खिडकीतली पात कात्रीनं कापता येते, तेवढ्यासाठी करायचं.

आणि हो, तिथं भाजीवाल्याकडे गिलकी मागू नकोस, घोसाळी म्हण. मागच्या वेळी तो तुझ्याकडे बघतच राहिला म्हणालीस.

मामा मंगळवारी पुण्याला येतोय. तिळगुळाच्या डब्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळलेला गवती चहाचा ठोंब आहे, आणि पुदिन्याच्या पाच काड्या. काड्यांची खालची पानं काढलीत. डबा नंतर उघड, आधी त्यांना पाण्यात ठेव.

तुझा,
बाबा