मांजराच्या केसांचे ब्रश

प्रिय वैशू,

तुझा मेसेज आला तेव्हाच उत्तर टाइप करणार होते, पण फोनवर एवढं लांबलचक लिहायचा कंटाळा आणि सांगायचं तर खूप आहे, म्हणून हे पत्रच. गेला आठवडाभर मी एका चित्रकार बाईच्या मागे लागलेय. कातेरिना बिलोकुर. युक्रेनमधल्या बोहदानिव्का गावची, जन्म १९०० चा. फक्त फुलं काढायची गं, म्हणजे माणसंही काढलीयेत तिने, पण फुलं बघशील तर वेडी होशील. काळपट बॅकग्राउंडवर डेलिया, गुलाब, लिली, गव्हाच्या ओंब्या, सगळं एकमेकांना खेटून, आणि गंमत म्हणजे वसंतातली फुलं आणि शरदातली फुलं एकाच चित्रात! कारण ती फूल तोडायचीच नाही. जे फुलेल त्याच्यापुढे जाऊन बसायची आणि तेवढंच रंगवायची, मग पुढचं फुलेपर्यंत थांबायची, त्यामुळे एकेक चित्र महिनोन्महिने चालायचं.

शाळेत घातलंच नाही तिला घरच्यांनी. वाचायला घरीच शिकली. पुढे मिरहोरोदच्या कलाशाळेत गेली तर शाळेचा दाखला नाही म्हणून आत घेतलं नाही. घरी तर विचारूच नकोस, चित्रं काढणारी पोर म्हणजे लग्न कोण करणार वगैरे, ओळखीचं वाटतंय ना? १९३४ ला तिने नदीत उडी घेतली. वाचली, पण पाय कायमचे दुखावले, आणि तेव्हा कुठे वडील म्हणाले काढ बाई चित्रं. (मला त्या वडिलांचा अजून राग येतोय.)

ब्रश स्वतःच बनवायची, मांजराच्या केसांचे, आणि प्रत्येक रंगाला वेगळा. सुरुवातीला रंगसुद्धा बीट न् कांद्याचे.

आणि आता ऐक, तुला हे आवडेल. १९४० मध्ये तिने रेडिओवर ओक्साना पेत्रुसेन्को या ऑपेरा गायिकेचं गाणं ऐकलं, त्यात कालिना नावाच्या लाल फळांच्या झुडपाचा उल्लेख होता, तर हिने कापडाच्या तुकड्यावर तेच काढलं आणि पत्रासोबत पाठवून दिलं. पाकिटावर बाईंचं नाव आणि कीव्हचं थिएटर, बस. पण पोचलं! पेत्रुसेन्कोने ते जाणकारांना दाखवलं, मग पोल्तावा शहरातून माणसं चौकशीला आली आणि त्याच वर्षी तिथे तिचं पहिलं प्रदर्शन लागलं. चाळिशीला आलेली होती तेव्हा.

१९५४ ला पॅरिसच्या प्रदर्शनाला तीन चित्रं गेली ती परत आलीच नाहीत. 'राजा कणीस' हे त्यातलंच, मग तिने ते पुन्हा काढलं, आणि मला विचारशील तर तोच खरा चमत्कार, मी तर हात टेकले असते. १९६१ ला पोटाच्या कॅन्सरने गेली, शेवटपर्यंत त्याच गावात.

कीव्हच्या लोककला संग्रहालयात तिची चित्रं आहेत. नेटवर फोटो मिळतील, पण मोबाईलवर नको बघूस, लॅपटॉपवर बघ आणि झूम कर, पाकळीपाकळीतली शीर दिसते.

तुझ्या गच्चीतली ती शेवंती फुलली का? फुलली की फोटो पाठव, तोडू नकोस.

तुझी,
नीलू