वैशू, आधी पाय दाखव

चि. वैष्णवी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास त्यावर मी काही म्हणत नाही. परत लावला तर बंद लागला. इथं ऊसतोडीच्या तळावर रेंज येते ती फक्त लिंबाखाली, आणि संध्याकाळी तिथं सगळी टोळी कानाला फोन लावून उभी असते. चारचौघांत पोरीशी वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसलो. गणू गावाकडून ज्वारी घेऊन आलाय, तो ह्या कागदांचे फोटो काढून तुला पाठवील.

पायाचं एकदाच विचारतो आणि मग तो विषय बंद करतो. डॉक्टरला दाखवलास का? नडगीवर बोट दाबलं की एकाच जागी कळ येते, रात्री झोपल्यावरही ठणकतं, आणि तू गोळी खाऊन ग्राउंडवर जातेस, एवढं तुझ्या मैत्रिणीनं तुझ्या आईला सांगितलं. तिच्यावर चिडू नको. तिनं सांगितलं नसतं तर आम्हाला कुणी सांगितलं असतं?

तू म्हणालीस, "अविनाश साबळे सियाचीनमध्ये राहिला, आणि मी एवढ्याशा दुखण्यानं बसू?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोन दिवस फडात तेच डोक्यात घोळत होतं.

साबळेच्या पळण्याचं वेड घरात मीच आणलं, हे खरं. मांडवा आपल्याच आष्टी तालुक्यातलं. आई-बाप वीटभट्टीवर. आपल्यासारख्यांच्याच घरातला पोरगा, म्हणून त्याचं नाव पेपरात आलं की मी कात्रण ठेवायचो. तू पाचवी-सहावीत असशील, ती कात्रणं तू पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली होतीस आणि आजी तुला बोलली होती. पोरगा बारावी झाला, घर चालवायचं म्हणून महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचा बर्फ बघितला, राजस्थानचं वाळवंट बघितलं, सिक्कीमलाही होता. २०१५ साली लष्कराच्या क्रॉस-कंट्रीत पळायला लागला, तेव्हा त्याची विशी उलटली होती. तुझी ही अडथळ्यांची शर्यत, स्टीपलचेस, तर त्याच्याही नंतर, लष्करातले कोच अमरीश कुमार सरांनी गळ घातली तेव्हा. तू चौदाव्या वर्षी अडथळ्यावरून उडी मारलीस, बाई. तुझ्याकडे त्याच्यापेक्षा किती वर्षं जास्त आहेत ते बघ. घाई कसली आहे तुला?

लोक भाषणात सांगतात, सहा किलोमीटर शाळेला पळत जायचा. टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या ऐकून बरं वाटत नाही. वाहन नव्हतं, म्हणून लेकरू पळत होतं. गाडी असती तर गाडीनं गेला असता, चार घास जास्त खाऊन अभ्यास केला असता, आणि तरी साबळे झाला असता असं मी मानतो. कारण मला त्याचं कौतुक आहे ते पुढच्या गोष्टींचं. २०१८ ला घोटा दुखावला, जकार्ताच्या आशियाई स्पर्धा हातच्या गेल्या. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ८:३०.८८ चा विक्रम, सदतीस वर्षं कुणाला हलला नव्हता. मध्ये एका परदेशी कोचकडे गेला, ती पद्धत अंगाला मानवली नाही, तर परत आपल्या जुन्या सरांकडे आला. ह्याला कुणी माघार म्हटलं असेल. मला त्यात शहाणपण दिसतं. आपल्या अंगाला काय झेपतं हे ज्याला कळतं तो टिकतो.

आणि टोकियो ऑलिम्पिक आठवतं ना? ८:१८.१२, राष्ट्रीय विक्रम करूनही फायनल हुकली. तू रडली होतीस. तो काय म्हणाला ते मला माहीत नाही, पण त्यानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी ८:११.२०, आणि २०२४ च्या जुलैत, ऑलिम्पिकआधी, पॅरिसला ८:०९.९१. तीन वर्षांत आठ सेकंद. आठ सेकंद म्हणजे आपण एक ऊस बुडख्यातून तोडून त्याचा पाला काढतो तेवढा वेळ. तेवढ्यासाठी माणसानं तीन वर्षं दिली. एका महिन्यात नाही, एका चाचणीत नाही.

बर्मिंगहॅमची शर्यत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ऑगस्ट २०२२, आपण सगळे गावाकडेच होतो, तात्याच्या ओट्यावर गणूचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. १९९८ पासून राष्ट्रकुलात त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेत होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात आपलं पोरगं केनियाच्या किबिवॉटच्या खांद्याला खांदा लावून आलं आणि तुझी आई, जिनं उभ्या जन्मात कुणाचं नाव घेऊन आरोळी मारली नाही, ती "पळ रं अविनाश" म्हणून ओरडली. ०.०५ सेकंदानं सोनं गेलं. चांदी आली. आणि पुढल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत सोनं घेतलंच, त्या स्पर्धांत स्टीपलचेसचं सोनं घेणारा आपला पहिला पुरुष. त्या रात्री तू अंगणात दोन खुर्च्यांवर बांबू आडवा ठेवून उड्या मारत होतीस. मी मनात म्हटलं, ही आता थांबत नाही.

खरं सांगू का, मला ते त्याच्याही आधी कळलं होतं. तू आमच्याबरोबर फडात होतीस ते साल. आम्ही मोळ्या बांधून ओळीनं टाकायचो आणि तू एका टोकापासून पळत सुटायचीस, मोळीमागून मोळी ओलांडत. खाली तोडलेल्या उसाची खोडकी, कोयत्यानं तिरकी तुटलेली, सुरीसारखी धार. पायात चप्पल नाही. मी ओरडायचो, तू हसायचीस. एकदा मुकादम बांधावर उभा राहून बघत होता, म्हणाला, पोरीचा पाय एकदाही चुकत नाही. त्या रात्री गाडी भरताना मला मोळीचं ओझं लागलं नाही. त्याच हंगामानंतर तुला आजीपाशी ठेवली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता माझं ऐक. तू जे करतेयस ते साबळेसारखं नाही, ते आमच्यासारखं आहे. तुला राग येईल, पण वाच. टोळीत एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा पडतो, पैसे कापतात, उचल फिटायची लांब जाते. म्हणून माणूस तापात तोडतो, कंबर धरून मोळी उचलतो, सुई टोचून घेतो आणि पुन्हा फडात उतरतो. तुझ्या आईची कंबर कशानं गेली? दुखतंय हे तिनं दोन हंगाम मला सांगितलं नाही. आणि तुझी जिजामावशी. बापानं लेकीला हे लिहावं की नाही मला कळत नाही, पण तू आता लहान नाहीस. पाळीत खाडे पडतात, पोटात दुखतं, म्हणून तिशीच्या आत गर्भाची पिशवी काढून बसली. ती एकटी नाही. २०१९ साली सरकारच्या समितीनं आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तर १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्या सोसणाऱ्याच होत्या गं. सोसण्यात आपल्या बायकांचा हात कोण धरणार? त्यांना थांबायची सोय नव्हती. तुला आहे. तुझ्या ग्राउंडवर कुणी खाडा मांडत नाही. तरी तू खाडा पडल्यासारखी घाबरतेस, आणि ते मला फोनवर तुझ्या आवाजात ऐकू आलं. ती भीती आमच्याकडून तुझ्याकडे आली असावी, ह्याचं मला फार लागतं.

फार बोललो. भाषण द्यायचं नव्हतं. तू दिवसभर थकून येतेस आणि बाप चार पानं उपदेश पाठवतो, माफ कर.

पण नडगीचं सांगतो. इथं गावात एक डॉक्टरीणबाई आहेत, आईच्या कमरेसाठी गेलो तेव्हा तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, पळणाऱ्या पोरींत हाडाला बारीक चीर पडते, सुरुवातीला एक्स-रेत दिसतही नाही, एमआरआयमध्ये दिसते. वेळेत पळणं थांबवलं तर बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांत भरून येते. गोळ्या खाऊन पळत राहिलं तर हाड पूर्ण मोडू शकतं. आणि पाळी वेळेवर येते का, जेवण पुरेसं आहे का, हेही विचारा म्हणाल्या, त्याचा हाडाशी संबंध असतो. हे आई विचारील. तिला खरं सांग.

तुझी शर्यत साध्या पळण्याची असती तर मी एवढा धास्तावलो नसतो. पोरींचा अडथळा अडीच फुटाचा, पण तो हर्डलसारखा धक्का लागला तर पडत नाही, लाकडाची तुळईच ती. अठ्ठावीस वेळा ती ओलांडायची, सात वेळा पाण्यात उतरायचं, आणि दर वेळी सगळं अंग एका पायावर. पॅरिस ऑलिम्पिकची फायनल मी मध्यरात्री उठून बघितली. साबळे ८:१४.१८ मध्ये आला, अकरावा. पण मला झोप लागली नाही ती लामेचा गिर्मामुळं. जगाचा विक्रम ज्याच्या नावावर, तो शेवटच्या फेरीत अडथळ्याला अडखळून पडला तो उठलाच नाही, स्ट्रेचरवरून नेला. एवढा पट्टीचा माणूस, धडधाकट पायांचा. आणि तू दुखरा पाय घेऊन उडी मारणार?

२०२५ च्या जुलैत मोनॅकोत खुद्द साबळे पाण्याच्या उडीपाशी पडला. गुडघ्याचे स्नायुबंध गेले, ऑपरेशन झालं, टोकियोची जागतिक स्पर्धा गेली. तिशी गाठलेल्या माणसाला एक हंगाम म्हणजे किती, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पुढं २०२६ च्या सप्टेंबरात जपानला आशियाई स्पर्धा. त्याच्याही मनात घाई असेलच की. पण तो टेबलावर झोपला, गुडघा उघडून घेतला. तुला सियाचीन आठवलं, हे का नाही आठवलं?

निवड चाचणी चुकेल म्हणतेस. चुकू दे. तू अजून वीसची नाहीस. सर काय म्हणतील, जागा दुसरीला जाईल, हे सगळं खरं असेल, मी त्यातलं जाणत नाही. पण साताऱ्याकडच्या माणच्या, तुझीच शर्यत पळणाऱ्या ललिता बाबर, तसल्याच दुष्काळी गावच्या, रिओच्या फायनलमध्ये पळाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. मोज, तुला किती वर्षं आहेत.

पैशाचा विचार करतेस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दवाखान्यात गेली नाहीस, बरोबर? आई म्हणते मी उगाच असं समजतो, पण मी तुला ओळखतो. ह्या वर्षी वाढ्याला, उसाच्या शेंड्याला, भाव बरा आहे, ते पैसे मी आईकडे वेगळे ठेवायला दिलेत. मुकादमाकडून वाढीव काही घेतलेलं नाही, ती शंका मनात आणू नको. एमआरआयला जेवढे लागतील तेवढे लागोत.

गेल्या वर्षीचा तुझा राज्य स्पर्धेचा फोटो कोपीत लावलाय, धूर लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. नवीन कुणी टोळीत आलं की तुझी आई त्यांना आत बोलावून दाखवते. मी दाखवत नाही, पण त्यांनी विचारलं की सगळं सांगतो, वेळेसकट. म्हणजे तू पळावं असं आम्हाला वाटत नाही असं समजू नको. तू पळावंस, तिशीतही पळावंस, म्हणून तर हे सगळं.

शनिवारी गणू परत जाताना पुण्यात उतरतोय. पैसे त्याच्याकडे दिलेत. त्याला ग्राउंडवर नको, थेट दवाखान्यात घेऊन जा, आणि रिपोर्ट येईपर्यंत पळू नको, चालायलाही फार जाऊ नको. गोळ्या कोणत्या खाल्ल्यास त्याची पाकिटं डॉक्टरला दाखव. सरांना तू सांगशील की मी बोलू? तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही, पण मग उद्याच तू बोल. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी गणूबरोबर आहे, मैत्रिणीला दे, तिला माझा नमस्कार सांग. संध्याकाळी सातनंतर मी लिंबाखाली असतो, कोण असेल ते असू दे, तू फोन कर.

तुझे
दादा