ताईस पत्र: वारा, थंड पाणी आणि हातमोजे

रावेर, १८ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी काय झालं ते तू मला नाही, भाऊला सांगितलंस. त्याच्या पोटात काही राहत नाही. नेदरलँड्समधल्या त्या ब्राउवर्सडॅमच्या किनाऱ्यावर पाण्याबाहेर आलीस तेव्हा बोटं इतकी बधिर होती की गाडीची किल्ली तीनदा हातातून पडली, आणि शेवटी एका अनोळखी बाईने तुझ्या सूटची चेन ओढून दिली. मी रागावलेलो नाही. पण तेव्हापासून तुझ्या हातांचाच विचार डोक्यात आहे. फोनवर तू "हो आबा, हो आबा" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहायला बसलो.

तुझा हा शिडाच्या बोर्डाचा खेळ, विंडफॉइलिंग, मला आवडतो, हे आधी सांगतो. तू पाठवलेला व्हिडिओ मी बांधावर बसून कितीदा पाहिला असेल. बोर्ड पाण्याला टेकलेलाच नाही, खाली नुसती एक दांडी आणि तिच्या तळाशी पंख. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, म्हणून एवढासा पंख तुला उचलतो, हे भाऊने समजावलं तेव्हा पटलं. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, २०२४ साली, मार्सेयच्या समुद्रात हाच फॉइलचा प्रकार पहिल्यांदा आला, तेव्हा आपल्या ओट्यावर बसून सगळ्यांनी पाहिला होता. तुझ्या आईला तर त्या पोरींची नावंसुद्धा पाठ झाली होती.

वारा मला कळतो. मे-जूनमध्ये एक वावटळ येते आणि ऐन निसवलेली केळीची बाग अर्ध्या तासात आडवी होते. घड जड, खोड पोकळ, मुळं वर. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे आपण पुस्तकात नाही, बागेत शिकलो. तू पंचवीस नॉट म्हणतेस, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. त्यात तुझ्याकडची ५ अंशांची हवा आपल्या मे महिन्यातल्या हवेपेक्षा बारा-तेरा टक्क्यांनी दाट. म्हणजे उन्हाळ्यात पेललं ते शीड त्याच वाऱ्यात हिवाळ्यात जड जाणार. शीड एक नंबर लहान घे, पुढचा पंखही लहान घे. मोठा पंख झोताबरोबर वर उसळतो, पाण्याबाहेर डोकावतो, हवा धरतो आणि तुला एकदम खाली टाकतो. खाली धारदार पंख आहे. हेल्मेट आणि छातीचं जाकीट याबाबत वाद घालू नकोस.

पण मला वाऱ्यापेक्षा पाण्याची भीती जास्त वाटते.

आपल्याकडे थंडीत पाणी म्हणजे ऊब. पारा आठ-नऊवर आला की आपण रात्री बागेला विहिरीचं पाणी का सोडतो? ते कोमट असतं, जमीन गरम ठेवतं. लहानपणी पहाटे पाटात पाय घालून तू उभी राहायचीस आणि म्हणायचीस, आबा, वाफ निघते. तुझ्या त्या समुद्राचं उलट आहे. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी पाच-सहा अंशांवर, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीस पट वेगाने ओढतं. अंगातली सवय म्हणून पाण्याला आपलं समजू नकोस.

तू चौथीत होतीस त्या वर्षीची गोष्ट. कडाक्याची थंडी होती, धूर करायला बांधावर काडीकचऱ्याचे ढीग लावून ठेवले होते. दोनच्या सुमाराला पाइपाचा जोड निसटला. तो बसवताना हात कोपरापर्यंत भिजले. पाणी कोमटच होतं, पण ओल्या हाताला वारा लागला. नंतर ढीग पेटवायला गेलो तर काडी दोन बोटांत धरली आहे हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना कळत नव्हतं. सहा-सात काड्या मोडल्या. पेटी खाली पडली, ती उचलता येईना. शेवटी सालदाराला उठवलं, त्याने पेटवलं. मी घराच्या जमिनीवर उभा होतो, हाकेच्या अंतरावर माणूस होता. तू पाण्यात होतीस.

म्हणून रविवारी तू पाण्यात हातमोजे काढलेस ते मला खटकलं. जाड हातमोज्यांनी बूम, म्हणजे शिडाची ती आडवी दांडी, धरताना मनगटापासून वर गोळे येतात, हे तुझं म्हणणं खरं असेल. मग तळवा उघडा असलेले मिळतात ते आण, दर अर्ध्या तासाने बाहेर ये, हात काखेत धर. पण उघडे हात नकोत. थंड पाण्याचा एक हिशोब सांगतात, एक-दहा-एक. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, पुढची दहा मिनिटं हातपाय सांगितलेलं ऐकतात, आणि शुद्ध हरपायला साधारण तास. तुझा सहा मिलिमीटरचा सूट, टोपी, बूट यांनी तो वेळ वाढतो. पण बोटं आधीच गेली असतील तर शीड पाण्यातून उचलणार कशाने?

वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. आणि कधी वारा पडला, लहान शिडाने बोर्ड उठेना, तर पोहून किनारा गाठायच्या नादाला लागू नकोस. बोर्ड सोडायचा नाही, त्यावर चढून बसायचं. तिकडे स्वयंसेवकांची बचाव संस्था १८२४ पासून आहे ना, केएनआरएम? त्यांना बोलवायला लाजू नकोस. ११२ लावायला पाणी न शिरणाऱ्या पाकिटातला फोन जाकिटाला बांधलेला हवा, गाडीत नव्हे.

केळीला चरका बसतो तो त्या रात्री दिसत नाही. पानं पिवळी पडतात ती नंतर, घड अडकतो तो त्याहून नंतर. माणसाचंही तसंच. बाहेर आल्यावरसुद्धा अंगातली उष्णता काही वेळ उतरतच राहते. लगेच कढत पाण्याखाली उभी राहू नकोस. आधी ओलं काढ, कोरडं घाल, डोक्याला गुंडाळ, गोड काहीतरी खा. आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवले आहेत ते गाडीतच ठेव.

भरीताची वांगी यंदा छान आहेत. गेल्या रविवारी मळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजली, कळण्याच्या भाकरी केल्या. तुझ्या वाटची भाकर आईने उगाच थापली.

पाण्याबाहेर आलीस की एक मिस कॉल दे. तिकडचे चार म्हणजे इथले साडेआठ. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, मी मोटारीजवळच असतो.

तुझा
आबा