जोर-एलच्या कपाळावरची पट्टी

प्रिय अव्या,

तुझ्या मेसेजला सात महिने उत्तर दिलं नाही. कारण सांगत नाही, धड कारण एकही नाहीये. रोज वाटायचं एवढ्या उशिरा दोन ओळी काय टाकायच्या, नीट बसून लिहू, आणि ते नीट बसणं काही झालं नाही. तब्येत ठीक, बीपीची गोळी लागलीये, गुडघा होता तिथेच आहे. तो विषय संपला.

आज बसलोय कारण परवा एक प्रकार घडला आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगितला तर म्हणतील ह्याला डॉक्टरकडे न्या. अव्या, मी तू झालोय. सुपरमॅनच्या बापाच्या कपाळावरच्या पट्टीवरून मी अकरा वर्षांच्या पोरीशी भांडलो.

हस. हसून घे आधी, मग पुढचं वाच.

तर तो २०२५ चा जेम्स गनचा सुपरमॅन, थेटरात हुकला होता, तो शेवटी घरी बघितला, मी आणि ईरा. सुरुवातीला इतका खूश होतो ना मी, क्रिप्टो कुत्रा काय, रोबो काय, आणि ती लाल चड्डी परत! २०११ ला कॉमिकमध्ये चड्डी गेली तेव्हा तू किती दिवस सुतकी चेहरा घेऊन फिरत होतास आणि मी तुझं नाव 'चड्डी बचाव समिती' ठेवलं होतं. आणि २०१८ ला 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात ती परत आली तेव्हा रात्री दीड वाजता तुझा फोन. मला वाटलं कुणीतरी गेलं. तर तू म्हणतोस, 'आली रे आली.' ही शिव्या द्यायला लागली होती.

असो. मग पिक्चरमध्ये तो मेसेज येतो. तू बघितलाच असणार, तरी सांगतो कारण मला परत चिडायचंय. अर्धंच शिल्लक राहिलेलं आईबापांचं रेकॉर्डिंग, ज्याच्या जोरावर हा माणूस आयुष्यभर लोकांना वाचवत फिरला, त्याचा उरलेला अर्धा भाग त्याचा वैरी लूथर याच्या हाती लागतो. आणि जोर-एल न लारा त्यात म्हणतायत काय, तर लोकांवर राज्य कर, भरपूर बायका कर, वंश वाढव. मी शेवटपर्यंत वाट बघत बसलो की आता कळेल, लूथरने काहीतरी भेसळ केलीये. नाही. मेसेज खराच. मी पॉज केलं आणि उभा राहून भाषण ठोकलं, की जोर-एल असा नाहीच, ह्यांनी वाचलंय का काही, मरणाऱ्या ग्रहावरून एकुलता एक पोरगा पाठवणारा माणूस आहे तो, सगळ्या गोष्टीचा पाया आहे तो, तोच उखडला तर राहिलं काय. ईरा माझ्याकडे बघत होती. जसा मी २००२ ला तुझ्याकडे बघत होतो तसं.

२००२ आठवतंय ना. मी स्पायडर-मॅन बघून तरंगत बाहेर आलो आणि तू गप्प. तासभर गप्प. मग एकदम, 'मनगटातून जाळं कसं काय येतं?' मी म्हणलं कोळी चावलाय त्याला, बाकी सगळं अंगात आलं तर जाळं पण आलं, उलट हेच जास्त पटतं. आणि तू रस्त्यात उभा राहून मला समजावलंस, की १९६२ पासून ते जाळं तो स्वतः बनवतो, ते यंत्र त्याच्या डोक्यातून आलंय, ते ऐन मारामारीत संपतं, आणि संपल्यावर जो उरतो तो पीटर, मुखवट्यामागचा साधा पोरगा. मी काय केलं? मी म्हणलं, 'अव्या, मुलगी बघ एखादी.' आणि दोन वर्षांनी खुद्द कॉमिकवाल्यांनीच पीटरला अंगातून जाळं दिलं (त्यासाठी बिचाऱ्याला आधी अख्खा कोळी व्हावं लागलं) तेव्हा मी तो अंक तुला वाढदिवसाला भेट दिला. कागदात बांधून, रिबीन लावून. तुझा चेहरा अजून आठवतो. त्या वेळी फार विनोदी वाटलं होतं.

माझं तेव्हाचं हत्यार एकच होतं, आणि ते मी वर्षानुवर्षं तुझ्यावर चालवलं. मूळ कॉमिक मूळ कॉमिक करतोस, कुठलं मूळ? १९३८ च्या पहिल्या अंकात सुपरमॅन उडत नाही, नुसत्या लांब उड्या मारतो. त्याला लोळवणारा तो दगड, क्रिप्टोनाइट, रेडिओवर जन्मला १९४३ ला, कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. बॅटमॅन सुरुवातीला पिस्तूल बाळगायचा. मायकल कीटनला बॅटमॅन केलं म्हणून हजारो लोकांनी स्टुडिओला निषेधाची पत्रं पाठवली आणि १९८९ ला पिक्चर आल्यावर तोच त्यांचा बॅटमॅन झाला. हीथ लेजरच्या वेळी परत तेच, 'हा कसला जोकर', आणि मग ऑस्करच, बिचारा तोवर गेलेला. वुल्व्हरिन कॉमिकमध्ये सव्वापाच फुटी बुटका, ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर, आणि आता दुसरा कुणी डोळ्यासमोर येतो का सांग. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तुला गप्प करायला पुरायचं.

२०१३ सोडून. तेव्हा नाही पुरलं.

'मॅन ऑफ स्टील'वरून आपण किती महिने बोललो नव्हतो, चार का पाच? पश्या म्हणतो सहा, पण तो सगळंच वाढवून सांगतो. सुपरमॅनने त्या खलनायक झॉडची मान मोडली आणि तू म्हणालास संपलं, हा सुपरमॅन नाही. मी माझा हुकमाचा पत्ता टाकला: १९८८ ला कॉमिकमध्ये त्याने झॉडला आणि आणखी दोघांना क्रिप्टोनाइटने स्वतःच्या हाताने मारलंय, आता बोल. आणि तू म्हणालास, 'हो, मारलंय. मग पुढे काय झालं ते वाचलंस का?' मी वाचलं नव्हतं. मी फक्त तेवढं एक पान कुणीतरी दाखवलेलं बघितलं होतं. तू म्हणालास, पुढे तो वेडा व्हायची वेळ येते, पृथ्वी सोडून अवकाशात निघून जातो, कित्येक अंक तो त्या तीन जिवांचं ओझं वाहत फिरतो, आणि पिक्चरमध्ये एक किंकाळी मारतो न पुढच्या सीनला त्या जनरलशी मस्करी करतोय. 'बदललं म्हणून नाही रे चिडलो, उधारीवर बदललं म्हणून चिडलो.' मी त्यावर काहीतरी खालच्या पातळीचं बोललो. काय ते तुला आठवत असेल, मला पण आठवतंय, लिहीत नाही. त्याची माफी मी कधी मागितली नाही, नुसतं एक दिवस फोन करून 'काय चाललंय' म्हणलं आणि तू पण 'काही नाही' म्हणालास. ती आत्ता मागतो. बारा वर्षांनी. व्याज धरू नकोस.

तर परवाचं. दुसऱ्या दिवशी ईरा चित्र काढत बसली होती. ती हल्ली वहीच्या वही भरते, चौकटी आखून, फुगे काढून, सगळं. तिने एक फॅमिली फोटो काढला होता: मधे सुपरमॅन, पायाशी क्रिप्टो (त्याला पण लाल केप), एका बाजूला त्याला पृथ्वीवर वाढवणारे केंट आईबाबा आणि दुसऱ्या बाजूला जोर-एल न लारा. सगळे ओळीत. जोर-एल पण हसत होता. मी मागून बघितलं आणि म्हणलं, 'अगं हा असा नसतो. कॉमिकमध्ये हिरवे कपडे असतात, छातीवर सूर्य, आणि कपाळाला पट्टी असते.' ती म्हणाली पिक्चरमध्ये नाहीये. आणि अव्या, मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या चित्रावर पट्टी काढली. दाबून. अशी, ह्या कानापासून त्या कानापर्यंत.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मग तुझा तूच काढ ना, बाबा.' वही मिटली आणि आत गेली.

रात्री मी माझा मुद्दा सिद्ध करायला, म्हणजे कुणाला सिद्ध करणार होतो देव जाणे, तो पहिला अंक उघडला, १९३८ चा, माझ्याकडे स्कॅन आहे. पहिलं पान. एक म्हातारा झालेला ग्रह फुटतो, एक शास्त्रज्ञ घाईघाईत बनवलेल्या यानात आपल्या तान्ह्या पोराला ठेवून पृथ्वीकडे सोडून देतो. झालं. एवढाच बाप आहे. ग्रहाला नाव नाही, बापाला नाव नाही, मेसेज नाही, पट्टी नाही. पोरगं कुणा वाटसरूला सापडतं आणि तो ते अनाथाश्रमात नेऊन देतो. बापाला नाव पुढच्या वर्षी पेपरातल्या कॉमिक स्ट्रिपमध्ये मिळालं. मग मी म्हणलं माझ्या डोक्यात जो बोलतो तो कोण? तर तो मार्लन ब्रँडो. १९७८ च्या 'सुपरमॅन' पिक्चरमधला जोर-एल, तो धीरगंभीर आवाज, 'माय सन' वाला. आणि ब्रँडोच्या कपाळाला पट्टी नाहीये! लख्ख पांढरे कपडे आणि छातीवर एस, आणि तो एस म्हणजे घराण्याचं चिन्ह हे पण त्या पिक्चरवाल्यांनीच आणलेलं. म्हणजे आवाज एकीकडचा, पट्टी दुसरीकडची, आणि जो जोर-एल वाचवायला मी पोरीच्या वहीवर रेघ मारली तो कुठेच छापलेला नाहीये. तो मीच जोडलाय. कधी जोडला तेही बऱ्यापैकी ठाऊक आहे, पण आपण त्यावेळी आठवीत होतो आणि अण्णा महिनोनमहिने घरी नसायचे, त्यामुळे ते राहू दे.

आता मुद्द्याचं. अण्णांची निळी फाइल. जिन्यात बसून तुला दाखवली होती ती. तुझ्यानंतर कुणाला दाखवली नाही, हिलासुद्धा नाही. मी सोफ्यावरून उठून जे ओरडत होतो ना, की असला मेसेज असूच शकत नाही, हे खोटं निघालंच पाहिजे, ते गनला नव्हतं. तुला कळलं असेल दुसऱ्या परिच्छेदातच, तू हरामखोर आहेस, तुला आधी कळतं. पिक्चरमध्ये तो शेवटी आईबापाचा मेसेज लावायचं सोडतो आणि केंटांकडचे लहानपणीचे व्हिडिओ बघत बसतो. सगळे म्हणतायत किती छान शेवट. असेल. मला तेव्हापासून एकच वाटतंय की त्या पहिल्या अर्ध्याचं काय करायचं? तो खोटा होता का? तो पण त्याच माणसानेच रेकॉर्ड केला होता ना. ह्याचं उत्तर पिक्चरमध्ये नाहीये, मी दोनदा बघितला.

आणि ईराला हे काहीच माहीत नाही. तिच्यासाठी आजोबा म्हणजे तिला खांद्यावर घेऊन फिरवणारे अण्णा. बरोबरच आहे. ते पण खरंच होतं.

काल ती क्लासला गेल्यावर मी तिची वही बघितली, हो बघितली, दे शिव्या. तिने पट्टी खोडलीये. पण मी एवढी दाबून काढली होती की कागदात खाच राहिलीये, तिरपं धरलं की दिसते. मग तिने तिथे केस काढलेत. जोर-एलच्या कपाळावर दाट झुलपं, भुवयांपर्यंत, खाच झाकायला. कुठल्याच कॉमिकमध्ये नाहीत, कुठल्याच पिक्चरमध्ये नाहीत. बरा दिसतो. अजून माझ्याशी बोलतीये ती सगळं, जेवढ्यास तेवढं नाही, नीट बोलतीये, पण वही आणून दाखवत नाहीये. आधी एक पान झालं की पळत यायची.

तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस? तू तर कधी माझ्या हातातली पेन्सिल घेतली नाहीस. मी तुझ्यासमोर आठवीत त्या हिरव्या गॉब्लिनला शिंगं काढली होती तरी नुसता डोळे मिटून बसला होतास. तुझी आठवण तिला आहे, 'तो काका ज्याला सगळे अंक पाठ आहेत.' तिला एक फोन कर ना. माझं नाव काढू नकोस. नुसतं विचार काय काढतेस सध्या.

अरे हो, नवीन जॉबचं पश्याकडून कळलं, अभिनंदन, आधीचा तो साहेब सुटला हेच मोठं. मावशींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? मीच फोन करायला हवा होता. वहिनींना नमस्कार सांग आणि म्हणावं सुधारतोय.

आणि स्पायडर-मॅनची ग्वेन मरते त्या १९७३ च्या अंकाची ती रीप्रिंट माझ्याकडेच आहे. तू पश्यावर संशय घेतलास, मी घेऊ दिला. काल काढून बघितली. तू म्हणत होतास ते बरोबर होतं, जाळं तिच्या पायाला लागतं त्याच चौकटीत मानेपाशी 'स्नॅप' लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात. मी वीस वर्षं नाही नाही म्हणत होतो. आणि २०१४ च्या पिक्चरमध्ये ती पडते तेव्हा घड्याळ एक वाजून एकवीस मिनिटांवर थांबतं, अंक १२१, तेव्हा तू थेटरात माझा दंड धरला होतास, मला वाटलं घाबरलास.

पोस्टाने पाठवू का येऊन नेतोस? मागचं कव्हर फाटलंय. ते मात्र खरंच पश्याने.

तुझा,
बाळ्या