फिड्रिचला 'नव्याचे नऊ दिवस' म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बेसबॉलमधे एखादा सीझन गाजून नंतर गायब झालेल्या प्लेयर्सवर लेख आला होता, तो मी इथे मिशिगनमधे ऑनलाईन वाचला. मराठी पेपरात बेसबॉलवर कोणीतरी एवढं लिहितंय म्हणून आधी खूप आनंद झाला, पण मार्क फिड्रिचच्या फोटोखाली 'नव्याचे नऊ दिवस' असं लिहिलंय ते बघून फार वाईट वाटलं, दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७६ साली हा २१ वर्षांचा पोरगा डेट्रॉईट टायगर्स या टीमकडून पिचिंगला, म्हणजे आपल्या भाषेत बॉलिंगला, आला. उंच, सडपातळ, कुरळे केस, सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या बिग बर्ड या मोठ्या पक्ष्यासारखा दिसतो म्हणून नाव पडलं 'द बर्ड'. बॉल हातात धरून बोलायचा, पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर गुडघे टेकून हातानेच खड्डे बुजवायचा आणि लोक त्याच्यावर जीव टाकायचे. मे महिन्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून पिचिंग करायला मिळालं तर क्लीव्हलंडच्या टीमला फक्त दोन हिट (बॅट्समनने बॉल मारून बेस गाठणं) देऊन २-१ हरवलं! मग २८ जूनला न्यूयॉर्कच्या यांकीज टीमविरुद्धची मॅच देशभर टीव्हीवर, स्टेडियममधे ४७ हजारांच्या वर माणसं, ५-१ ने जिंकले आणि मॅच संपली तरी तो परत बाहेर येईपर्यंत कोणी जागचं हलेना. माझ्या ऑफिसमधले एक सिनियर तेव्हा शाळेत होते, वडिलांबरोबर त्या मॅचला गेले होते, अजूनही ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

त्या सीझनला १९ मॅच जिंकला, ९ हरला, ईआरए २.३४, म्हणजे एका मॅचच्या नऊ इनिंगमागे दिलेले सरासरी अडीच रनसुद्धा नाहीत, मेजर लीगच्या (इथली सगळ्यात वरची स्पर्धा) दोन भागांपैकी अमेरिकन लीगमधे सगळ्यात कमी. रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा प्लेयर, तोच. घरच्या ग्राउंडवर त्याच्या १८ मॅचना मिळून सहा लाखांवर लोक आले आणि त्याचा पगार होता वर्षाला १६,५०० डॉलर, लीगचा किमान पगार.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या लेखात एका ओळीतसुद्धा नाही. त्या वर्षी त्याने सुरू केलेल्या २९ मॅचपैकी २४ त्याने एकट्याने शेवटपर्यंत टाकल्या, त्यातल्या दोन तर लागोपाठ, अकरा-अकरा इनिंगच्या. हल्ली सगळ्या ३० टीम मिळून वर्षभरात अशा तीस-पस्तीस मॅच झाल्या तरी खूप, यावरून कळेल की त्या पोराच्या हाताला किती राबवलं. तेव्हा सगळेच तसं करायचे हे मला मान्य आहे, पण एकविसाव्या वर्षी अडीचशे इनिंग म्हणजे काही थोडं नाही. पुढच्या वर्षी स्प्रिंग ट्रेनिंगमधे, म्हणजे सीझनआधीच्या सरावात, कॅच पकडायला पळताना गुडघा गेला, ऑपरेशन झालं, मे महिन्यात परत आला, चांगलं टाकतही होता आणि जुलैमधे अचानक हातातलं बळच गेलं. नंतरच्या तीन वर्षांत मिळून फक्त १६ मॅच. करिअर संपलं २९ विजयांवर, त्यातले १९ त्या एका वर्षातले. आणि खांद्याचा रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू) फाटलाय हे निदान झालं १९८५ साली, डॉक्टर जेम्स अँड्र्यूज यांच्याकडे, म्हणजे दुखायला लागल्यापासून आठ वर्षांनी! तोपर्यंत खेळणं सोडून दिलं होतं त्याने. फाटलेल्या खांद्याने इतकी वर्षं परत परत प्रयत्न करणाऱ्या माणसाला तुम्ही नऊ दिवसांचा कसा म्हणता?

त्याच लेखातला बोबो होलोमन वेगळा. १९५३ मधे सुरुवातीपासून पिचिंग केलेल्या पहिल्याच मॅचला नो-हिटर टाकला, म्हणजे एकही हिट दिला नाही, सगळ्या मिळून तीन मॅच जिंकल्या आणि जुलैपर्यंत मेजर लीगमधून बाहेर, त्याला म्हणा हवं तर. पण जो शार्बोनो परत फिड्रिचसारखाच, १९८० ला क्लीव्हलंडकडून २३ होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मारून रूकी ऑफ द इयर, पुढच्याच स्प्रिंगला बेसकडे डोकं पुढे करून घसरत झेप (हेडफर्स्ट स्लाईड) मारताना पाठ गेली आणि १९८२ नंतर मेजर लीगमधे दिसलाच नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजून कसं चालेल.

हे एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे माझा मुलगा. अकरा वर्षांचा आहे, पिचर आहे, इथे त्याच्या वयाला दिवसाला ८५ पिचची, म्हणजे ८५ बॉल टाकण्याची, मर्यादा असते आणि कोच हातात क्लिकर घेऊन प्रत्येक पिच मोजतात. गेल्या उन्हाळ्यात मॅच अगदी रंगात आलेली असताना त्याला बाहेर काढला तर तो रडला आणि खरं सांगतो, मलासुद्धा कोचचा राग आला होता. घरी येऊन मी त्याला फिड्रिचची गोष्ट सांगितली, यांकीजच्या मॅचपासून १९८५ पर्यंतची सगळी. तो बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, "बाबा, तेव्हा कोणी मोजत नव्हतं का?"

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चार ओळींची का होईना दुरुस्ती छापा, त्यात त्याच्या खांद्याबद्दल आणि त्या २४ मॅचबद्दल लिहा आणि फोटो तोच ठेवा, फार छान आहे तो.

आपला नियमित वाचक,
ट्रॉय, मिशिगन