बारा तारखेची गाडी

इंदूर, रविवार दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "बारा तारखेला परत येतेस ना?" विचारलं, तू "बघते" म्हणालीस आणि रेंज गेली. त्यासाठी काही पत्र लिहायला बसलेलो नाही. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांचा भाचा परवा सेंधवा-खेतियावरून शहाद्याला निघालाय, पुढे तुझ्याकडे धडगावपर्यंत जाणार आहे, म्हणून त्याच्या हाती देतोय. सोबत मच्छरदाणी आणि आईचे लाडू.

तू सांगितलंस ते आईला जमेल तसं समजावलं. बोटातला थेंब नळीत टाकायचा, द्रावण गढूळ झालं की सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, संशय, मग पुढची तपासणी. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलामागे चारात एक धोका. ती म्हणाली, "मग लग्नाआधीच बघायला नको का?" म्हटलं, तुझी लेक तिथे तेच तर करतेय! आवाज जरा मोठाच निघाला. शेजारच्या काकूंनीही ऐकलं असेल. ऐकू दे.

खरं सांगू, निघालीस तेव्हा मला वाटलं होतं, चार फोटो काढून येईल. आपल्या मंडळीतले निम्मे तेवढ्यासाठीच जातात. मग तू त्या रात्रीचं सांगितलंस. वीज गेलेली, कंदील, तिथल्या पावरी बोलीतलं भजन, एक शब्द कळेना आणि तुला रडू आलं, मग हसू. "पप्पा, पहिल्यांदा प्रार्थना केल्यासारखं वाटलं." पहिल्यांदा! आणि इस्त्रीचा फ्रॉक घालून दर रविवारी तुला नेत होतो ते? लागलं मला. पण रात्री झोप येईना तेव्हा आठवून बघितलं, मला तरी असं कधी वाटलं होतं? मी बावीस वर्षं चर्चच्या देणग्यांचा हिशेब ठेवला. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. रडू काही आलं नाही.

तर बारा तारीख. तुझी रजा तिथपर्यंतच आहे, लॅबवाले थांबायचे नाहीत. एवढंच.

माई आत्याही "बघते"च म्हणाली होती. आजीची आई 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात पोचलेली पोर. त्याचं ऋण म्हणून आत्या तिथे महिनाभर सेवेला गेली. महिनाभर! आजी मात्र वर्षानुवर्षं दर शनिवारी तिच्या खाटेवरची चादर बदलत राहिली. मी सातवीत असताना आम्ही भेटायला गेलो. आत्या मुलींच्या वेण्या घालत बसली होती आणि हसत होती. घरी तिला तशी हसताना मी पाहिलं नव्हतं. परतीच्या गाडीत आजी दौंड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

चर्चमध्ये कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं सांगतात, 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला म्हणून. मला दर वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. बिनपगारी घरात चूल त्यांनाच पेटवायची होती ना.

मनू, देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे पाणी न उकळता प्यायचं असं नाही. थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्यांच्या आधी स्वतःचं रक्त तपास. आणि आनंदाच्या भरात माणसाने काही ठरवू नये. तो ओसरू द्यावा, घरी यावं, चार लोकांना विचारावं, मग... जाऊ दे. हे भाषण झालं. माफ कर. सोळाव्या वर्षी क्वायर सोडलीस तेव्हाही असंच दिलं होतं आणि तू दार लावून घेतलं होतंस. त्या दाराची कडी अजून नीट बसत नाही.

आई म्हणते, तिला येऊ दे की नको ते लिहू नका, नुसती खुशाली विचारा. खुशाल आहेस ना? आवाजावरून तर फारच होतीस.

ते भजन लिहून आण. चाल तरी कळू दे.

बारा तारखेला पहाटे मी सरवटे स्टँडवर येतोच आहे. पेपर वाचत बसेन. गाडीतून तू उतरली नाहीस तर चहा घेऊन परत येईन, त्यात काय. पण येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, आईला पुरणाची डाळ भिजवायची आहे.

तुझे,
पप्पा