कोलेसिस्टेक्टॉमी फोडून दाखवणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सर्जिकल वॉर्डात हँडओव्हर (ड्यूटी बदलताना द्यायची पेशंटची माहिती) वाचताना 'कोलेसि...' पाशी अडकलेली फर्स्ट इयरची मुलगी आठवते का? 'पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन' असं पुटपुटून मी वेळ मारून नेली होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यात हे 15 अक्षरी स्पेलिंग!

त्या रात्री राउंड आटोपल्यावर तुम्ही तो शब्द एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलात. म्हणालात, "शाळेत संधी सोडवायचीस ना? विद्या अधिक आलय? तसंच कर." लाल पेनाने दोन उभ्या रेघा मारल्यात. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. मी शरमत मराठीत जे बोलले होते, तेच तिथे ग्रीकमध्ये लिहिलेलं!

मग हनुवटीखाली हात धरून म्हणायला लावलंत: को-ले-सिस्-टेक्-टॉ-मी. जबडा सहा वेळा खाली आला, म्हणजे उच्चाराचे तुकडे सहा. बोलताना सिस्टमधला 'ट' पुढच्या तुकड्यात सरकतो, अर्थ लावताना मात्र तो मागेच ठेवायचा, हे तुम्ही त्याच कागदावर निळ्या रेघांनी दाखवलंत. लाल रेघा अर्थाच्या, निळ्या उच्चाराच्या. इंग्रजीच्या तासाला हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

पुढे ऑपरेशनांच्या नावांच्या शेवटी येणाऱ्या ऑटॉमी आणि ऑस्टॉमीत माझा घोळ व्हायचा. पहिलीत नुसता छेद, दुसरीत छेद देऊन तोंड उघडं ठेवायचं. स्पेलिंगमध्ये फरक एका 'एस'चा. कोलोस्टॉमीची, म्हणजे पोटावर उघडलेल्या आतड्याच्या तोंडाला लावलेली बॅग दोनदा बदलल्यावर तो 'एस' कायमचा डोक्यात बसला. 'ऑफ्थॅल्मॉलॉजी'तला (नेत्रशास्त्र) पहिला 'एच' मात्र अजूनही कधीकधी हातून निसटतो, माफ करा.

तुमच्यामुळे खोडच लागली. डोळ्यांच्या ओपीडीत टेरिजियम बघितलं, बुबुळावर चढणारा पडदा. सुरुवातीचा 'पी' मुका, मूळ शब्दाचा अर्थ पंख. तोच पंख हेलिकॉप्टरमध्ये निघाला! हेलिको म्हणजे गिरकी, प्टर म्हणजे पंख. आपण इतकी वर्षं हेली आणि कॉप्टर असं भलत्याच ठिकाणी तोडत आलो. हे सांगायला तुम्हाला शोधत वॉर्डात आले, तर कळलं, तुम्ही महिन्यापूर्वीच रिटायर झालात.

कागद माझ्याकडे आहे. घडीवर फाटला होता, मायक्रोपोर (ड्रेसिंगची कागदी चिकटपट्टी) लावून चिकटवलाय.

मनापासून आभार, सिस्टर.

तुमची,
नाइट ड्यूटीची विद्यार्थिनी